महोत्सवाचं संकलन

माझ्या कपाटात १९८४ सालच्या मुंबईच्या फिल्मोत्सवाची एक पुस्तिका आहे. पानं पिवळी पडली आहेत, पिना गंजल्या आहेत आणि मधलं एक पान चहाने डागाळलं आहे. पानोपानी माझ्या निळ्या पेनाच्या खुणा आहेत. खुणा तीनच प्रकारच्या. बरोबरची खूण म्हणजे चित्रपट पाहिला. फुली म्हणजे रांगेत उभा राहिलो, पण आत शिरायला मिळालं नाही. आणि प्रश्नचिन्ह म्हणजे पाहिला, पण कळला नाही. खरं सांगायचं तर प्रश्नचिन्हंच जास्त आहेत.

या पुस्तकाचे दोन्ही संपादक पहिल्यांदा घरी आले ते ही पुस्तिका बघायला. दोघंही माझ्या मुलांच्या वयाचे. बराच वेळ पानं उलटून झाल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, "काका, या दिवशी हे चित्रपट याच क्रमाने का लावले असतील?" मी निरुत्तर झालो. चाळीस वर्षं मी ती पुस्तिका रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वापरली होती : किती वाजता, कुठल्या थिएटरात, किती मिनिटं. ते वेळापत्रक कुणीतरी रचलेलं असतं, त्यात कुणाची तरी आवड आणि कुणाची तरी अडचण मुरलेली असते, हे कळत होतं. पण त्याकडे निरखून कधी पाहिलं नव्हतं. हा प्रश्न हेच या पुस्तकाचं बीज आहे.

चित्रपटांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. दिग्दर्शकांवर, नटांवर, 'प्रभात'वर, गाण्यांवर. महोत्सवांवरही दरवर्षी लेख येतात, पण ते बहुतेक 'यंदा मी काय पाहिलं' याच घाटाचे. चित्रपट निवडणारा आणि ते एकमेकांशेजारी मांडणारा माणूस या लेखांतून गायबच असतो. नाटकाच्या परीक्षणात नेपथ्यकाराचा निदान नामोल्लेख तरी होतो. याच्या नशिबी तेवढंही नाही.

मराठीत फिल्म एडिटरला आपण संकलक म्हणतो. निवडक कविता किंवा लेख एकत्र करणाऱ्यालाही संकलकच म्हणतो. हा योगायोग महोत्सवाच्या बाबतीत फार नेमका ठरतो. दोन शॉट एकमेकांना जोडले की दोन्हींत नसलेला तिसराच अर्थ उमटतो, हे रशियात कुलेशॉव्हने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. महोत्सवाचा कार्यक्रम रचणारा तेच करतो. फक्त त्याच्या हातात शॉटऐवजी अख्खे चित्रपट असतात.

एक दिवस रचून बघू. सकाळी दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) : बापलेक चोरीला गेलेली सायकल शोधत रोमभर वणवण करतात. दुपारी कियारोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' (१९८७) : चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला एक लहान मुलगा या गावातून त्या गावात धावत राहतो. आणि संध्याकाळी आपला 'श्वास' (२००४). 'श्वास' बहुतेकांच्या मनात आजाराचा, ऑपरेशनचा, डोळ्यांतून पाणी काढणारा चित्रपट म्हणून बसला आहे. दोन इस्पितळी चित्रपटांच्या मध्ये लावला तर तो तसाच दिसेल. पण सकाळी ब्रूनोच्या आणि दुपारी अहमदच्या मागे चालून आलेला प्रेक्षक संध्याकाळी वेगळंच काही बघतो. दृष्टी जाण्याआधी नातवाला शहर दाखवायला नेणारा आजोबा आणि त्याचं बोट धरून चालणारा परशा त्याच्या नजरेत भरतो. तीन देश, तीन काळ, आणि तिन्हींत एक लहान मूल मोठ्यांच्या जगातून पायी चाललेलं. 'श्वास'ची एक फ्रेमही बदललेली नाही. बदललेत फक्त शेजारी.

उलटंही घडतं. चांगला चित्रपट चुकीच्या शेजारात मरतो. अडीच तासांच्या, कॅमेरा जागचा हलत नाही अशा चित्रपटाला रात्री साडेनऊची वेळ दिली, की निम्मे प्रेक्षक शेवटच्या लोकलच्या काळजीने घड्याळ बघत बसतात आणि उरलेले पेंगतात. दुसऱ्या दिवशी बोभाटा होतो, 'चित्रपट फार कंटाळवाणा होता.' कंटाळवाणा तो चित्रपट होता की ती वेळ, हे कुणी विचारत नाही.

म्हणून 'वैविध्यपूर्ण कार्यक्रम' हा शब्दप्रयोग महोत्सवांच्या जाहिरातीत दिसला की मी जरा सावध होतो. इतके देश, इतक्या भाषा, इतके चित्रपट, हे मोजायला सोपं आहे. पण नुसतं वैविध्य म्हणजे रुखवत. सगळं मांडलेलं असतं, लोक बघून वाहवा करतात आणि पुढे सरकतात. खरा कार्यक्रम वाढलेल्या पानासारखा असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभात मध्ये. प्रत्येकाची जागा ठरलेली, कारण एकाची चव दुसऱ्याने खुलायची असते. या पुस्तकाचा सगळा रोख रुखवत आणि पान यांतला हा फरक ओळखायला शिकवण्याकडे आहे.

आता थोडा इतिहास, नव्या वाचकासाठी.

चित्रपट महोत्सव नावाची गोष्ट सुरू झाली ती ६ ऑगस्ट १९३२ला, व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर, एक्सेलसियर हॉटेलच्या गच्चीत. पहिला चित्रपट होता रूबेन मामूलियनचा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'. उन्हाळ्यात श्रीमंत पाहुण्यांची रात्र रंगवायची, हा साधा हेतू. पण लवकरच त्यावर मुसोलिनीच्या राजवटीची सावली पडली. सर्वोच्च पारितोषिकांना त्याचं नावही मिळालं. १९३८ साली जर्मनीच्या 'ऑलिम्पिया'ला आणि इटलीच्या एका वैमानिकपटाला ती देण्यात आली, तेव्हा इतर देशांतले लोक भडकले आणि फ्रान्सने आपला वेगळा महोत्सव काढायचं ठरवलं. जागा कान, तारीख १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी हिटलरची फौज पोलंडमध्ये घुसली. एका चित्रपटाच्या खासगी खेळापलीकडे काही झालं नाही आणि कानचा पहिला महोत्सव भरायला १९४६ उजाडलं. महोत्सव हे राजकारणापासून अलिप्त असावेत असं म्हणणाऱ्यांनी ही जन्मकथा ध्यानात ठेवावी.

पहिली पस्तीस-चाळीस वर्षं महोत्सव म्हणजे राष्ट्रांची पंगत होती. चित्रपट निवडायचा अधिकार महोत्सवाचा नसे. प्रत्येक देशाचं सरकार किंवा तिथल्या निर्मात्यांची संघटना आपापला चित्रपट पाठवी. या पद्धतीने चांगल्या गोष्टीही घडल्या. पुण्याच्या 'प्रभात'चा, दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला दाखवला गेला आणि त्याची तिथे दखल घेतली गेली. चेतन आनंदांच्या 'नीचा नगर'ला १९४६च्या कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालं, अर्थात आणखी दहा चित्रपटांसोबत वाटून. पण सरकारं प्रतिष्ठा सांभाळतात, चित्रपट नाही. १९५६ साली आलें रेनेचा 'नाइट अँड फॉग' हा नाझी छळछावण्यांवरचा लघुपट पश्चिम जर्मनीच्या आक्षेपामुळे कानच्या स्पर्धेतून काढून घ्यावा लागला. याच कानमध्ये 'पथेर पांचाली'ही होता. त्याच्या खेळाच्या वेळीच जपानी मंडळींची मेजवानी होती, त्यामुळे परीक्षकांतले बरेच जण तिकडे गेले. काही समीक्षकांनी आग्रह धरला म्हणून पुन्हा एक खेळ झाला आणि मग चित्रपटाला 'मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवण्यात आलं. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातलं एक मोठं वळण वेळापत्रकातल्या एका चौकटीमुळे हुकता हुकता राहिलं.

अधिकृत वाट चुकवून एखाद्या जाणत्या माणसाने चित्रपट पुढे केल्याची उदाहरणं त्या काळातही आहेत. १९५१ साली 'राशोमोन' व्हेनिसला गेला तो जुलियाना स्ट्रामिजोली या जपानमध्ये राहणाऱ्या इटालियन बाईंच्या शिफारशीमुळे. तो बनवणाऱ्या कंपनीला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं आणि चित्रपट स्पर्धेत आहे हे खुद्द कुरोसावांनाही ठाऊक नव्हतं. त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि जपानी सिनेमाचं दार जगासाठी उघडलं. निवडणाऱ्या एका नजरेची किंमत यातून कळते.

पंगत मोडली ती १९६८ नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून गोदार, त्रुफो आणि इतरांनी कान मध्येच बंद पाडलं. पुढच्या वर्षी दिग्दर्शकांनीच चालवलेला 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' हा समांतर विभाग सुरू झाला. १९७० साली व्हिएतनाम युद्धावरच्या एका जर्मन चित्रपटावरून बर्लिनच्या परीक्षक मंडळात भांडण जुंपलं आणि स्पर्धाच रद्द झाली. त्यातून १९७१ला 'फोरम' उभा राहिला. उलरिश आणि एरिका ग्रेगर या दांपत्याने तो पुढे अनेक वर्षं सांभाळला. १९७२ साली कानने नियम बदलला : यापुढे देश चित्रपट पाठवणार नाहीत, महोत्सव निवडेल. त्याच वर्षी ह्यूबर्ट बाल्स नावाच्या माणसाने रॉटरडॅमला स्वतःच्या आवडीचा महोत्सव काढला. पहिल्या रात्री प्रेक्षक होते अवघे १७. आज रॉटरडॅमचं नाव नव्या दिग्दर्शकांच्या तोंडी असतं.

तेव्हापासून कार्यक्रम रचण्याची घराणी म्हणावीत अशा वाटा पडल्या. एक वाट निवडकर्त्याची. यात महोत्सव म्हणजे एका माणसाची किंवा छोट्या गटाची दृष्टी. आवडलं तर या, नाही तर पुढच्या वर्षी बघू. दुसरी वाट प्रेक्षकांची. टोरांटोचा महोत्सव १९७६ला सुरू झाला तेव्हा त्याचं नावच 'फेस्टिव्हल ऑफ फेस्टिव्हल्स' होतं : इतर महोत्सवांत गाजलेलं उत्तम ते गावातल्या लोकांना दाखवायचं, आणि निकाल परीक्षकांनी नव्हे तर प्रेक्षकांच्या मतांनी लावायचा. केरळचा महोत्सव (१९९६पासून) याच कुळातला. तिथे पायरीवर बसून चित्रपट बघणारे रिक्षावाले आणि विद्यार्थी हा गमतीचा नाही, अभिमानाचा विषय आहे. कोरियन दिग्दर्शक किम की-डुक २०१३ साली तिरुवनंतपुरमला आले तेव्हा त्यांच्याभोवती एखाद्या सिनेनटाभोवती व्हावी तशी गर्दी झाली. ही कीर्ती महोत्सवाच्या प्रेक्षकांनीच घडवली होती.

तिसरी वाट जतन करणाऱ्यांची. इटलीत पोर्देनोनेला १९८२पासून मूकपटांचा, बोलोन्याला १९८६पासून शोधून काढलेल्या आणि दुरुस्त केलेल्या जुन्या चित्रपटांचा महोत्सव भरतो. इथे नवीन म्हणजे कालच पूर्ण झालेलं असं नाही. शंभर वर्षं हरवलेलं आज सापडलं तर तेही नवीनच. २०२४ साली कानच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) नव्या रूपात दाखवला गेला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केलेला, स्मिता पाटीलचा तो चित्रपट. आणि चौथी वाट विरोधकांची. जिथे दाखवलं जात नाही ते दाखवायचं.

या सगळ्या वाटा आपल्याकडे कशा आल्या, हा पुस्तकाचा गाभा आहे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वाचनीय भागही.

आशियातल्या पहिल्या काही महोत्सवांपैकी एक मुंबईत भरला, २४ जानेवारी १९५२ला, न्यू एम्पायर थिएटरात. आयोजक फिल्म्स डिव्हिजन. २३ देशांचे चित्रपट. मुंबईनंतर तो दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथेही गेला. भारताच्या बाजूने 'आवारा', 'पाताळ भैरवी', 'बाबला' आणि व्ही. शांतारामांचा मराठी 'अमर भूपाळी'. होनाजी शाहिराची कथा 'बायसिकल थीव्ज'च्या शेजारी. त्या वेळी कुणाला यात काही विशेष वाटलं असेल की नाही कोण जाणे, पण परिणाम लगेच दिसले. तो इटालियन चित्रपट पाहून भारावलेल्या बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' पुढच्याच वर्षी आला. एका महोत्सवातल्या एका खेळाने हिंदी सिनेमातला शेतकरी बदलला.

दुसरा आंतरराष्ट्रीय महोत्सव व्हायला १९६१ उजाडलं. १९६५ला तो स्पर्धात्मक झाला, सत्यजित राय परीक्षकांचे अध्यक्ष होते. पुढे स्पर्धेच्या वर्षी दिल्ली आणि मधल्या वर्षी निरनिराळ्या शहरांत फिरणारा, स्पर्धा नसलेला फिल्मोत्सव, अशी व्यवस्था बरीच वर्षं चालली. माझी पुस्तिका त्यातलीच. त्या दिवसांबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. महोत्सवातल्या विदेशी चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट असे. त्यामुळे रांगेत अंतोनियोनीचे भक्त असत, तसे 'यात काही आहे का?' असं दबक्या आवाजात विचारणारेही असत. आम्ही फिल्म सोसायटीवाले त्यांना नाकं मुरडायचो. आता वाटतं, त्यांच्यातलेही काही जण नको त्या कारणाने आत शिरले आणि बर्गमन पाहून बाहेर आले असतील. कार्यक्रमाची दारं रुंद असावीत ती यासाठी.

१९७८पासून 'इंडियन पॅनोरमा' विभाग सुरू झाला आणि मराठी, मल्याळम, बंगाली, कन्नड चित्रपट एका ओळीत बसले. हे मोठं काम होतं. पण सरकारी विभाग म्हटला की सरकारही आलंच. २०१७ साली निवड समितीने ठरवलेल्या यादीतून मल्याळम 'एस दुर्गा' आणि रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' वगळण्यात आले. समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 'एस दुर्गा'ला त्याच वर्षी रॉटरडॅमचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे पंगतीचा काळ सरला असं मी वर म्हटलं ते अर्धंच खरं. यादीवरचा शेवटचा हात कुणाचा, हा प्रश्न अजून जिवंत आहे.

त्याला उत्तर द्यायचे मार्गही इथेच सापडले. मुंबईत १९९०पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. २००४च्या महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्याचा घाट घातला गेला तेव्हा देशभरातले माहितीपटकार एकवटले. सक्ती मागे घेतली गेली, पण निवड झाली तेव्हा बरेच टोकदार चित्रपट बाहेरच राहिले. या मंडळींनी महोत्सवापासून हाकेच्या अंतरावर 'विकल्प' नावाने तेच चित्रपट दाखवले. समोरासमोर दोन वेळापत्रकं, दोन पुस्तिका. कार्यक्रम हाही एक युक्तिवाद असतो, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

२००४पासून आपला आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात स्थिरावला. जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातलं मल्टिप्लेक्स, मांडवीकाठची कला अकादमी आणि दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर गळ्यात कार्डं अडकवून पळणारी माणसं, हे नोव्हेंबरातलं पणजीचं ओळखीचं चित्र झालं. मुंबईत १९९७पासून 'मामी', २००२पासून 'थर्ड आय' आणि पुण्यात जब्बार पटेलांच्या नेतृत्वाखाली 'पिफ' असे महोत्सव सुरू झाले. पुण्याने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. जागतिक स्पर्धेच्या पुरस्काराला 'प्रभात'चं नाव दिलं आणि मराठी स्पर्धेच्या पुरस्काराला 'संत तुकारामां'चं. पोलंडचा किंवा इराणचा दिग्दर्शक पुण्यात येऊन 'प्रभात' पुरस्कार घेऊन जातो, तेव्हा १९३७चं व्हेनिस आणि आजचं पुणे एका धाग्यात ओवलं जातं. आता कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथेही महोत्सव भरतात. या सगळ्यांच्या मुळाशी फिल्म सोसायटीची चळवळ आहे, १९६४ला पुण्यात स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि तिथल्या फिल्मच्या डब्यांवर मुलांसारखी माया करणाऱ्या पी. के. नायर यांचं काम आहे. आमच्या गावच्या सोसायटीला मिळायची ती प्रिंट दोन दिवसांसाठी, आणि पुढच्या गावी जायची ती एसटीने. डबे इतके जड की जिना चढवताना दोघांना धाप लागायची. पण त्या दोन दिवसांत कुठला चित्रपट आधी दाखवायचा यावर आमचे जे वाद व्हायचे, तेच या कलेचं आमचं बालवाडीतलं शिक्षण.

आज डबे नाहीत. चित्रपट हार्ड डिस्कवर येतो आणि त्याची डिजिटल चावी ठरलेल्या प्रोजेक्टरवर, ठरलेल्या तासांपुरतीच चालते. पण चौकटींचं गणित तेच आहे. समजा चार पडदे, दिवसाला पाच खेळ आणि आठ दिवस. चौकटी झाल्या १६०. प्रत्येक चित्रपट दोनदा दाखवायचा तर चित्रपट ८०. त्यातून उद्घाटन आणि समारोप वगळा, परीक्षकांसाठीचे खेळ वगळा. पाहुणा दिग्दर्शक तीनच दिवस आहे, म्हणून त्याचा चित्रपट त्या तीन दिवसांतच हवा. वितरक म्हणतो एकच खेळ मिळेल. एका चित्रपटानंतर चर्चा लांबणार हे ठाऊक आहे, म्हणून पुढच्या खेळाआधी वीस मिनिटं मोकळी ठेवा. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत रात्र रात्र बसणाऱ्या या मंडळींना सौंदर्यदृष्टी तर हवीच, शिवाय लग्नातल्या वाढप्याचा हिशेबीपणाही हवा. पुस्तकातले या कामावरचे लेख मी सलग वाचले, आणि माझ्या पुस्तिकेतल्या प्रत्येक फुलीमागे कुणाची तरी अशी एक रात्र असेल हे प्रथमच जाणवलं.

हे सगळं आता का सांगायचं? चित्रपट मिळत नाहीत ही आमच्या पिढीची तक्रार होती. आजची अडचण नेमकी उलटी. फोनवर सगळं आहे, आणि त्यातलं काय बघायचं हे फोनच सुचवतो : काल जे पाहिलंत त्यासारखंच आणखी. तुम्हाला आवडेल ते तो ओळखतो. जे तुम्हाला अजून आवडत नाही, पण दोन चित्रपटांनंतर आवडू लागेल, ते त्याच्या हिशेबात बसत नाही. महोत्सवाचा कार्यक्रम नेमका त्यासाठीच असतो. माझ्या पुस्तिकेतली बरीच प्रश्नचिन्हं पुढे दहा-वीस वर्षांनी बरोबरच्या खुणा झाली. ती मुळात उमटली कारण कुणीतरी, मला न विचारता, ते चित्रपट माझ्या वाटेत ठेवले होते.

दुसरं कारण घरचं आहे. गेल्या काही वर्षांत मराठी सिनेमाचं जगात नाव झालं ते महोत्सवांच्या वाटेने. २०१४ साली 'किल्ला'ला बर्लिनच्या मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं आणि चैतन्य ताम्हणेंच्या 'कोर्ट'ला व्हेनिसच्या ओरिझाँती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान. २०२० साली 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. २०२५ला रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला सनडान्समध्ये जागतिक कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. प्रत्येक वेळी आपण बातमी वाचून छाती फुगवली. पण 'किल्ला' मुलांच्या विभागातच का निवडला गेला, 'कोर्ट' मुख्य स्पर्धेत नसून ओरिझाँतीत होता याचा त्याला तोटा झाला की फायदा, हे प्रश्न आपण विचारत नाही. विभाग म्हणजे चित्रपटाला दिलेला पत्ता. पत्त्यावरून लोक माणसाची पारख करतात, तशीच चित्रपटाचीही.

हे पुस्तक महोत्सवांची जंत्री नाही आणि चित्रपटांची परीक्षणंही यात नाहीत. कार्यक्रम हीच एक कृती मानून ती वाचायची, असा प्रयत्न यात आहे. काही लेख निवड समित्यांवर काम केलेल्यांचे आहेत, काही रांगेतल्या माणसांचे, एक-दोन प्रोजेक्शनच्या खोलीतून लिहिलेले. सूर एकसारखे नाहीत, आणि संपादकांनी ते एकसारखे करण्याचा खटाटोपही केलेला नाही. त्यांच्याशी माझे मतभेद आहेत. लोकप्रिय चित्रपटांबद्दल त्यांची नजर मला थोडी तुटक वाटते. १९५२ला 'आवारा' आणि दे सिका एकाच पुस्तिकेत मावले होते, हे त्यांनी अधिक गंभीरपणे घ्यायला हवं होतं. स्त्रियांनी रचलेल्या कार्यक्रमांवर एक स्वतंत्र भाग हवा होता. पण मराठीत या विषयाचं पहिलं पाऊल टाकणाऱ्यांकडून सगळी वाट चालून होण्याची अपेक्षा करणं बरं नव्हे.

एक मात्र त्यांनी ठामपणे दाखवून दिलंय, आणि ते मला पटलं आहे. आपले महोत्सव आपला इतिहास ठेवत नाहीत. पुरस्कारांच्या याद्या सापडतात. अमुक वर्षी अमुक दिवशी कुठल्या चित्रपटाशेजारी कुठला होता, कुठला खेळ ऐन वेळी रद्द झाला, कुठल्याला जादा खेळ द्यावा लागला, हे कुठेच नोंदलेलं नाही. पुस्तिका रद्दीत जातात. या पुस्तकासाठी संपादकांनी जी सामग्री जमवली ती बहुतेक लोकांच्या माळ्यांवरून, कपाटांतून, जुन्या झोळ्यांतून आली. माझी पुस्तिकाही मी त्यांच्या हवाली करतो आहे.

वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या घरात एखाद्या जुन्या महोत्सवाची पुस्तिका, वेळापत्रकाचा कागद, तिकीट किंवा गळ्यातलं कार्ड पडून असेल तर ते टाकू नका. संपादकांना किंवा जवळच्या ग्रंथालयाला, फिल्म सोसायटीला द्या. त्यावर पेनाने काही लिहिलं असेल तर खोडू नका. बरोबरच्या खुणा, फुल्या आणि प्रश्नचिन्हं, सगळ्यांसकट द्या.